समजा, हवेचा विरोध नाही

पदार्थविज्ञानाच्या प्रारंभिक पुस्तकांतील सरावाची उदाहरणे हा गद्याचा एक स्वतंत्र प्रकार आहे आणि साहित्यसमीक्षेने त्याची दखल घ्यावयास हवी, असे म्हटले तर या त्रैमासिकाच्या काही वाचकांना तो विनोद वाटेल. आमचा तसा हेतू नाही. मराठी घरांतून आज सर्वाधिक बारकाईने वाचले जाणारे गद्य कोणते, असा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला तर त्याचे उत्तर कादंबरी असे येणार नाही. ललित निबंध असे तर नाहीच. इंदुरात राजवाड्याच्या बगलेस खजुरी बाजार आहे. शहरातील शालेय आणि महाविद्यालयीन पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या तेथून घरोघर गेली. शाळा-महाविद्यालये उघडण्याच्या सुमारास तेथील दुकानांत भौतिकशास्त्राचे जे जाडजूड खंड रचलेले दिसतात, त्यांतील कितीतरी पृष्ठे केवळ उदाहरणांची असतात. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेस बसणारी सोळा-सतरा वर्षांची मुलगी दोन वर्षांत अशी जितकी उदाहरणे वाचते, तितक्या कथा ती पुढे आयुष्यभरात वाचील किंवा नाही याची शंकाच आहे. शिवाय एकेक उदाहरण ती चार-चारदा वाचते, शब्दन्‌शब्द तोलून वाचते; कारण एक शब्द निसटला की उत्तर निसटते. असा वाचक आमच्या कोणत्या कवीस लाभला आहे? ज्या गद्याचे इतके एकाग्र वाचन होते, ते कसे लिहिलेले असते आणि आपल्या वाचकास काय शिकवते, हे पाहणे समीक्षेच्या अधिकाराबाहेरचे आहे असे आम्हांस वाटत नाही.

या गद्याची घडण ठरलेली असते. आरंभी ‘समजा’, मध्ये काही संख्या, शेवटी ‘काढा’. समजा, एक मोटार अमुक वेगाने जात आहे. ब्रेक लावल्यावर ती अमुक अंतरावर थांबते. तर तिचे त्वरण काढा. पात्रांना नावे नसतात. असलीच तर स्वभाव नसतो. मोटार कोठे निघाली होती, ब्रेक का लावावा लागला, आडवे कोण आले, हे विचारावयाचे नसते. नाटकाच्या चर्चेत चेकॉव्हचा म्हणून एक दंडक नेहमी सांगितला जातो, की पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक दिसली तर ती पुढे उडालीच पाहिजे. कोणत्याही नाटककाराने पाळला नसेल इतक्या कडकपणे हे गद्य तो दंडक पाळते. दिलेली प्रत्येक संख्या उपयोगात येते. जी उपयोगाची नाही ती दिलेलीच नसते. ज्या दोषाकडे आम्ही पुढे वळणार आहोत, त्याचे मूळ या काटेकोरपणातच आहे.

तत्पूर्वी भाषेविषयी थोडे. ‘समजा’ हा मराठी शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. ‘समजणे’ म्हणजे कळणे आणि ‘समजा’ म्हणजे गृहीत धरा; एकाच धातूत कल्पना आणि आकलन शेजारी शेजारी नांदतात. जे धरून चालावयाचे ते आधी कळले पाहिजे, असे ही भाषा जणू बजावते. शेजारची हिंदी याच जागी ‘मान लीजिए’ म्हणते. मानणे म्हणजे स्वीकारणे. देव मानतात, वडिलांचा शब्द मानतात, आणि जे मानले त्यास पुनःपुन्हा प्रश्न विचारीत नाहीत. इंदुरातील मराठी घरातले मूल घरी ‘समजा’ ऐकते आणि वर्गात ‘मान लीजिए’. दोन्ही वाक्यांचा व्यवहारातला अर्थ एकच, हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही ज्या मुलाच्या कानी दोन्ही पडतात, त्याच्यापाशी एक जास्तीचे साधन असते, असे म्हणावयास प्रत्यवाय नसावा. तसेच ‘काढा’चे. पाणी विहिरीतून काढतात, काटा पायातून काढतात, लोणी दह्यातून काढतात. जे काढावयाचे ते आत असतेच, ही श्रद्धा त्या क्रियापदात आहे. (तापात प्यावयाचा कडू काढाही काहींना आठवेल आणि पुष्कळांच्या बाबतीत ती आठवण अस्थानी नसते.) खेदाची गोष्ट अशी की, महाराष्ट्रात विज्ञानशाखेचे भौतिकशास्त्र दहावीनंतर बव्हंशी इंग्रजीतूनच शिकवले जाते. म्हणजे मराठीतला हा ‘समजा’ पंधराव्या-सोळाव्या वर्षी संपतो, नेमका जेथे त्याचा खरा उपयोग सुरू व्हावा तेथे. मध्य प्रदेशात हिंदीतून तो पुढे निदान बारावीपर्यंत तरी चालतो.

या गद्यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की ते खोटे आहे. पृष्ठभाग घर्षणरहित, दोरी वजनरहित, कप्पी गुळगुळीत, हवेचा विरोध शून्य. असे जग कोणी पाहिले आहे? हा आक्षेप आम्ही मान्य करीत नाही. प्रत्येक वाङ्मयप्रकार काहीतरी गाळूनच उभा राहतो. गॅलिलिओचा दोन नव्या विज्ञानांवरील संवादग्रंथ १६३८ साली प्रसिद्ध झाला. त्यात उतरत्या पन्हळीतून गोळी घरंगळत सोडणे आणि भांड्यातून गळलेले पाणी तोलून वेळ मोजणे हा प्रयोग आहे. हवेचा विरोध मनातून बाजूस सारल्यावाचून पतनाचा नियम दिसणार नव्हता. पण गॅलिलिओ तो विरोध गुपचूप सारीत नाही. माध्यमाचा अडथळा केव्हा सोडून देता येतो, केव्हा येत नाही, यावर त्याची पात्रे आपसांत वाद घालतात. आज तो वाद आटून ‘हवेचा विरोध दुर्लक्षणीय माना’ एवढे चार शब्द उरले आहेत. मंत्र उरला, त्यामागील विचार गेला.

विचार गेल्याने काय होते, ते पावसाच्या थेंबाकडे पाहिले की ध्यानात येते. एक किलोमीटर उंचीवरून थेंब सुटला आणि हवेचा विरोध नाही असे धरले, तर जमिनीशी त्याचा वेग सेकंदाला १४० मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर येतो. सूत्र अचूक, आकडेमोड अचूक. प्रत्यक्षात दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सहा-सात मीटरच्या वेगाने खाली येतो, आणि म्हणूनच माळव्यातला माणूस पावसात छत्री घेऊन बाहेर पडू शकतो. उलट, वाड्याच्या वरच्या मजल्यावरून सोडलेल्या दगडाच्या बाबतीत हवा विसरली तरी फारसे बिघडत नाही. गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी १० धरले तर चूक दोन टक्क्यांची, तीही क्षम्य. दगडास हवा क्षुल्लक आणि थेंबास तीच सर्वस्व, हा भेद ज्या उदाहरणसंग्रहात कोठेच येत नाही तो संग्रह शिकवतो खरा, पण सोडून देण्याची कला शिकवीत नाही. आमच्या मते प्रारंभिक भौतिकशास्त्रात त्या कलेहून महत्त्वाचे दुसरे काही नाही.

या प्रकाराची आमच्याकडे परंपराही जुनी आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ इ. स. ११५० ची. चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाचा, तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे, तेव्हा हा वारसा आपण हक्काने सांगू शकतो. ‘लीलावती’त नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ, साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे येतो आहे, मोर तिरपी झेप घेतो आणि दोघे सारखेच अंतर तोडून एका ठिकाणी गाठ पडते. बिळापासून किती हातांवर? उत्तर बारा. खरा मोर साप दिसेल त्या दिशेने वळत वळत गेला असता आणि त्याची वाट वक्र झाली असती. भास्कराचार्यांचा मोर साप पुढे कोठे असेल ते आधीच जाणून सरळ रेषेत उतरतो. ही सवलत आचार्यांनी घेतली आहे. परंतु अंतरे समान आहेत, हे त्यांनी उघड सांगितले आहे. आणि मोर, साप, बीळ यांपैकी काहीही काढून घेतले तर उदाहरणच मोडते. कथानक येथे शोभेसाठी आलेले नाही, हे ध्यानात ठेवावे.

शोभेच्या कथानकाचा नमुना पाहावयाचा तर रिचर्ड फाइनमन यांनी सांगितलेला आठवतो. १९६४ साली कॅलिफोर्नियातील शालेय पुस्तके पारखण्याच्या समितीवर ते होते. एका गणिताच्या पुस्तकात निरनिराळ्या रंगांच्या ताऱ्यांची तापमाने दिली होती. बापलेक आकाशात तारे पाहतात, मुलगा अमुक रंगाचे इतके पाहतो, बाप तितके, आणि प्रश्न असा, की त्यांनी पाहिलेल्या ताऱ्यांच्या तापमानांची बेरीज किती. फाइनमन संतापले, आणि ते योग्यच होते. ताऱ्यांच्या तापमानांची बेरीज या गोष्टीस सृष्टीत काहीही अर्थ नाही. विज्ञानाचा मुलामा दिलेली ती साधी बेरीज होती.

आता आपल्या काळातील सर्वांत मोठ्या उदाहरणकाराकडे वळू. हरिश्चंद्र वर्मा यांचा ‘कॉन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’ हा दोन खंडांचा ग्रंथ पाटण्याच्या भारती भवनाने १९९२ पासून प्रसिद्ध केला आणि देशभरातील विद्यार्थ्यांच्या दोन-तीन पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या. हिंदीत तो ‘भौतिकी की समझ’ या नावाने आला. ते नाव आम्हांस का आवडावे, हे वर सांगून झालेच आहे. त्यातील गोट्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. प्रतिस्पर्ध्याची गोटी दोन मीटरवर आहे. खेळणारा डाव्या हाताचा अंगठा जमिनीस टेकवून गोटी आडवी मारतो. गोटी सुटते ती १९.६ सेंटिमीटर उंचीवरून. वाटेत जमिनीस न लागता नेम लागण्यास वेग किती हवा? उत्तर सेकंदाला दहा मीटर. १९.६ ही संख्या पाहताच चाणाक्ष वाचकास शंका येईल. ती ९.८ ची दुप्पट आहे. वेळ बरोबर एक-पंचमांश सेकंद यावा म्हणून ती निवडली आहे. शिंपी अंगाप्रमाणे कपडा बेततो, येथे कपड्याप्रमाणे अंग बेतले, असे आम्ही सहज म्हणून गेलो असतो. पण हात पुढे करून पाहावे. अंगठा जमिनीस टेकलेला आणि मधले बोट मागे ताणलेले असता गोटी जमिनीपासून सुमारे वीतभर उंच राहते, आणि बारा-चौदा वर्षांच्या मुलाची वीत जवळजवळ एवढीच भरते. सोयीची संख्या आणि खरी संख्या येथे एकत्र आल्या आहेत. हे काम ज्याने अंगणात गोट्या खेळल्या आहेत त्याचेच. नुसत्या टेबलाशी बसून ते सुचत नाही. या उदाहरणाला आम्ही निःसंकोच चांगले गद्य म्हणू.

त्यातही एक उणीव राहतेच. सेकंदाला दहा मीटर म्हणजे ताशी छत्तीस किलोमीटर. एका बोटाच्या ताणाने एवढा वेग साधतो काय? की खेळणारी मुले किंचित वर रोखून मारतात, किंवा मध्ये एखादी उडी घेऊ देतात? उत्तर हाती आल्यावर अंगणात जाऊन ते ताडून पाहण्याची सूचना तेथे नाही. उदाहरण अंगणातून आले, पण वाचकाला अंगणात परत पाठवीत नाही.

ही उणीव त्याच प्रकरणातील आणखी एका उदाहरणात अधिक तीव्रतेने जाणवते. ११.८ मीटर उंच इमारतीवरून एक मूल घसरून पडते, सात मीटरवर उभा असलेला धडधाकट तरुण ते पाहतो, १.८ मीटर उंचीवर हातांत मूल झेलण्यास त्याने किती वेगाने धावावे? उत्तर सेकंदाला ४.९ मीटर. उत्तरसूची येथे थांबते. आम्हांस येथे थांबवत नाही. दहा मीटर पडलेले मूल हाताशी येते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला चौदा मीटर, म्हणजे ताशी पन्नास किलोमीटर असतो. तरुणाने हात अर्धा मीटर खाली नेत नेत त्यास थांबवले असे धरले, तर मंदन गुरुत्वत्वरणाच्या वीसपट पडते. मूल पंधरा किलोंचे असेल तर त्या अर्ध्या मीटरात हातांवर तीनशे किलोंहून अधिक भार येतो. मूल वाचेल का? झेलणाऱ्याचे खांदे टिकतील का? जमिनीशी जाजम ताणून चौघांनी धरणे बरे की एकट्याने झेलणे? भौतिकशास्त्र खरे तर येथून सुरू होते. पडणारे मूल डोळ्यांसमोर आणावयाचे आणि त्याच्या जिवाचे काय झाले हे विचारू द्यावयाचे नाही, ही या गद्याची सवय आम्हांस केवळ अपुरी वाटत नाही. ती निर्दय वाटते. त्या जागी चेंडू असता तर तक्रार नव्हती.

सोव्हिएत लेखक इरोदोव्ह यांच्या, मॉस्कोच्या मीर प्रकाशनाने काढलेल्या संग्रहात ही पंचाईतच नाही. सुमारे १९०० उदाहरणे, आणि बहुतेकांत माणूस नावालाही नाही. दांडी, चकती, विद्युतभार, इतकेच. सूत्रवाङ्मयाचा कोरडेपणा आणि सूत्रवाङ्मयाचीच कस पाहण्याची ताकद. प्रारंभिकांसाठी ते नाही, म्हणून येथे अधिक लिहीत नाही.

महाराष्ट्राच्या बालभारतीने २०१८ साली काढलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात, गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात, एक उदाहरण आहे, ते मात्र आम्हांस मनापासून आवडले. महेंद्र आणि विराट एकमेकांपासून एक मीटरवर बसले आहेत; वस्तुमाने ७५ आणि ८० किलोग्रॅम; त्यांच्यातील गुरुत्वीय बल किती? (नावे कोणत्या मैदानावरून आली, हे मुलांना सांगावे लागत नाही.) उत्तर येते न्यूटनाचा सुमारे पंचवीस लाखावा भाग, एका डासाचे वजनही याहून पुष्कळ अधिक. एवढ्यावर हे उदाहरण संपते तर तेही शोभेचेच ठरले असते. पण लगेच पुढचे उदाहरण येते: महेंद्राचा बाक घर्षणरहित आहे असे धरा, मग एका सेकंदानंतर तो विराटाकडे किती वेगाने सरकत असेल, आणि तो वेग पुढे बदलेल काय? आमच्या हिशेबाने एवढ्या आकर्षणाने महेंद्रास एक सेंटिमीटर सरकावयास अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागेल. येथे ‘घर्षणरहित’ हे विशेषण प्रथमच जिवंत होते. इतरत्र घर्षण सोय म्हणून काढून टाकतात. येथे ते काढले की दोन मित्र बसल्या जागी एकमेकांकडे सरकू लागतात आणि ते एरवी का सरकत नाहीत, हे ध्यानात येते. गाळलेली गोष्ट गाळल्यामुळेच दिसू लागावी, हे उत्तम गद्याचे लक्षण आहे. बालभारतीच्या ज्या लेखकमंडळाने हे लिहिले, त्यांना मराठीच्या कोणत्याही पुरस्कारसमितीने आजवर विचारले असेल असे वाटत नाही.

दिलेल्या संख्यांचा प्रश्न तरीही उरतोच. गोट्यांची उंची दिलेली, मित्रांची वस्तुमाने दिलेली. हजारो उदाहरणे सोडवून विद्यार्थ्याच्या मनावर नकळत ठसते ते हे, की आवश्यक ते सारे कोणीतरी आधीच मोजून ठेवलेले असते आणि अनावश्यक असे काही नसते. इंदुरात भंवरकुवा चौकाच्या परिसरात गावोगावची मुले खोल्या घेऊन राहतात आणि एका प्रश्नास दोन-अडीच मिनिटे या हिशेबाने सराव करतात. चार पर्यायांतून एक. त्यांच्या कष्टांविषयी आम्हांस आदरच आहे आणि परीक्षा अशी असताना त्यांनी दुसरे काही करावे असे सुचवणे शहाणपणाचे नाही. पण मोजण्याची पायरी ज्याच्या शिक्षणातून वगळली गेली, त्यास निसर्ग हा भरलेला तक्ता वाटू लागतो, आणि ती किंमत फार मोठी आहे.

हे टाळता येते, याचा पुरावा फार दूर नाही. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या संस्थांनी विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला. १९७८ साली तो जिल्हाभर गेला. १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो चालवला. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी असलेल्या त्याच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत उत्तरे छापलेली नसत. मुलांनी करून, मोजून, आपल्या वहीत लिहावयाची. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती. पुस्तक उघडे असूनही उत्तर देता येऊ नये, असा प्रश्न काढणे किती कठीण आहे, हे प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनाच ठाऊक. २००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. भौतिकशास्त्राची वरच्या वर्गांतील उदाहरणे त्या रीतीने कोणी लिहून पाहिली असती तर काय झाले असते, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. इंदुरातल्या पुस्तकात इंदूर का नसावे? याच शहरातील राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रात इंडस-२ हे यंत्र आहे. त्याच्या सुमारे १७२ मीटर परिघावर इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. सेकंदाला फेऱ्या किती, हे भागाकार येणाऱ्या कोणत्याही मुलास काढता येईल: सतरा लाखांहून अधिक.

आणि इमारतीवरून दगड सोडावयाचाच तर राजवाडा समोर उभा आहे. मल्हारराव होळकरांनी १७४७ साली बांधावयास घेतलेला, सात मजल्यांचा; खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. समजा, सातव्या मजल्यावरून दगड सोडला. तर तो चौकात किती वेळाने पोहोचेल? उंची दिलेली नाही. सातही मजले सारख्या उंचीचे आहेत का, हे आधी खाली उभे राहून पाहावे लागेल. मीटरभर लांबीची काठी उभी करून तिची सावली आणि वाड्याची सावली एकाच वेळी मोजता येईल. मात्र वाड्याची सावली मोकळ्या चौकात पडते की समोरच्या इमारतींवर चढते, हे पाहून वेळ निवडावी लागेल. दिवसही निवडावा लागेल. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात असे दिवस येतात, की भर दुपारी सूर्य नेमका माथ्यावर असतो आणि काठीला सावलीच नसते.